न ऐकलेलं उत्तर : लिनक्स कर्नेलमधल्या एका लांबलेल्या साफसफाईची हकिगत

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या रसायनांच्या कारखान्यात पंप बदलायचा असला की फिटर आल्या आल्या पान्याला हात घालत नाही. आधी मोटरची वीज तोडून स्विचला कुलूप आणि टॅग लागतो. मागचा-पुढचा व्हॉल्व्ह बंद होतो, लाइनमधला माल रिकामा केला जातो, परमिटवर सही होते आणि मगच बोल्ट सुटतात. मध्येच एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर फिटर परत येऊन तसं सांगतो आणि सुपरवायझर काम थांबवतो. ‘जमलं नाही’ या शब्दांना तिथे किंमत आहे, कारण ते ऐकायला माणूस उभा असतो.

लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, उपकरण काढून घेण्याची पद्धत वरवर अशीच दिसायची. ‘जमलं नाही’ असं कळवायची सोय तिथेही होती, पण ते ऐकणारं कुणी नव्हतं. निरोप पोचेपर्यंत पंप क्रेनला लटकलेला असायचा. ही विसंगती सुमारे वीस वर्षं टिकली, शेकडो ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची तिने दिशाभूल केली आणि ती निस्तरायला काही वर्षं चिकाटीने काम करावं लागलं.

मुळात ड्रायव्हर काय करतो ते आधी पाहू. कारखान्यातल्या कंट्रोल पॅनलमध्ये हल्ली तळहाताएवढा लिनक्सवर चालणारा बोर्ड सहज सापडतो. रिअ‍ॅक्टरचं तापमान सांगणारा सेन्सर, वजनकाट्याकडून आकडे आणणारी सीरियल लाइन, मोटरचा वेग ठरवणारे स्पंद, वेळ राखणारी घड्याळाची चिप, या प्रत्येकाशी बोलायला कर्नेलमध्ये वेगळा ड्रायव्हर असतो. त्याच्या आयुष्यात दोन प्रसंग महत्त्वाचे. उपकरण सापडलं की कर्नेल ड्रायव्हरचं ‘प्रोब’ हे फंक्शन बोलावतो. ड्रायव्हर मेमरी मागतो, चिपचं क्लॉक सुरू करतो, इंटरप्टसाठी, म्हणजे चिपच्या हाकेसाठी, नाव नोंदवतो आणि उपकरण वापरायला खुलं करतो. उपकरण जायची वेळ आली की ‘रिमूव्ह’ची पाळी येते. जे जे उघडलं ते उलट्या क्रमाने बंद करायचं आणि हात झटकून बाहेर पडायचं.

प्रोबचं उत्तर कर्नेल लक्ष देऊन ऐकतो. शून्य म्हणजे सगळं ठीक, ऋण आकडा म्हणजे अमुक एक अडचण. मेमरी मिळाली नाही, चिप जागेवर नाही, दुसरा ड्रायव्हर अजून तयार नाही, असं काही कळलं की कर्नेल त्यानुसार पुढचं पाऊल टाकतो. रिमूव्हलाही असंच आकडा परत करायला सांगितलेलं होतं. तो आकडा मात्र कर्नेलचा गाभा वाचतच नव्हता.

असं का झालं हे समजायला २००१ पर्यंत मागे जावं लागतं. तोवर लिनक्समध्ये प्रत्येक बसची, म्हणजे उपकरणं जोडणाऱ्या वाटेची, रीत वेगळी होती. पीसीआय कार्डांचा कारभार एका पद्धतीने चाले, यूएसबीचा दुसऱ्या. चालू संगणकातून उपकरण काढणं तेव्हा नुकतंच रुळत होतं. लॅपटॉप झोपवायचा तर कोणतं उपकरण आधी झोपवायचं, कोणतं नंतर, हे ठरवायला सगळ्या उपकरणांचा एक वंशवृक्ष हवा होता. २.५ ही विकासाची मालिका नोव्हेंबर २००१ मध्ये सुरू झाली आणि पॅट्रिक मोशेल यांनी तिच्यात सर्व बसना सामावणारं एकच ‘ड्रायव्हर मॉडेल’ उभारलं. डिसेंबर २००३ मध्ये २.६ कर्नेल आला तेव्हा ते त्याच्या पायाशी होतं. काम मोठं आणि दूरदृष्टीचं होतं. आजचा प्रत्येक अँड्रॉइड फोनही त्याच पायावर उभा आहे.

त्या मॉडेलमध्ये प्रोब आणि रिमूव्ह ही दोन्ही फंक्शनं पूर्णांक परत करणारी, सी भाषेत ‘इंट’, अशी मांडली गेली. कागदावर ही जोडी शोभून दिसते. मला वाटतं, चुकीचं बीजही इथेच पडलं, कारण जोडी दिसायला सारखी असली तरी तिची कामं सारखी नाहीत. आत येणाऱ्याला अडवता येतं. निघून गेलेल्याला ‘तू गेलास हे मला मान्य नाही’ असं सांगून उपयोग नसतो. यूएसबीची वायर कुणी उपसली की ती उपसलेलीच असते. पीसीआय आणि यूएसबीवाल्यांना हे अनुभवाने आधीच उमगलं होतं. त्यांच्या ड्रायव्हरांचं निरोपाचं फंक्शन पहिल्यापासून काहीच परत न करणारं, म्हणजे ‘व्हॉइड’ होतं. खाली, गाभ्यात मात्र इंट राहिलं आणि त्यावर बेतलेल्या नव्या बसनी तेच उचललं.

त्या बसमधली सर्वांत महत्त्वाची म्हणजे ‘प्लॅटफॉर्म’. तिला खरोखरची तार नाही. चिपच्या आतच घडवलेले भाग, उदाहरणार्थ सीरियल पोर्ट, टायमर, वॉचडॉग, आवाजाचा भाग, आपण होऊन ‘मी इथे आहे’ असं सांगत नाहीत. त्यांची यादी कर्नेलला बाहेरून द्यावी लागते. अशा सगळ्यांना प्लॅटफॉर्म बसखाली गोळा केलं जातं. एआरएम चिपवरच्या लिनक्सची धुरा वाहणाऱ्या रसेल किंग यांनी या बससाठी स्वतंत्र ड्रायव्हर-रचना आणली. जानेवारी २००६ मध्ये आलेल्या २.६.१५ कर्नेलपासून ती उपलब्ध झाली. तिच्यातलं रिमूव्हही इंटच होतं.

मग आला मोबाइलचा आणि एम्बेडेड बोर्डांचा पूर. चिप बनवणारी प्रत्येक कंपनी आपापल्या भागांचे ड्रायव्हर घेऊन येऊ लागली. एआरएमचा पसारा इतका वाढला की २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्स यांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. नंतर बोर्डांची वर्णनं कोडमधून बाहेर काढून डिव्हाइस ट्री नावाच्या वेगळ्या फाइलींत ठेवण्याची रीत पडली. पण ड्रायव्हरांची संख्या वाढतच राहिली, आणि नवा ड्रायव्हर कोऱ्या पानावर कुणी लिहीत नाही. शेजारचा चालू ड्रायव्हर घ्यायचा, नावं बदलायची, आपल्या चिपचे पत्ते भरायचे. त्याबरोबर ‘रिटर्न झिरो’ ही रिमूव्हच्या शेवटची ओळही आपोआप नकलली जायची. बहुतेक ड्रायव्हर शून्यच परत करत, त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते जास्त काळजीपूर्वक लिहिणाऱ्यांचं.

मला या गोष्टीतला सर्वांत बोचणारा भाग हाच वाटतो. चांगल्या प्रोग्रॅमरला शिकवलेलं असतं की प्रत्येक पायरीवर अपयश तपासायचं आणि अपयश आलं तर तिथून मागे फिरून वर कळवायचं. रिमूव्ह इंट परत करतंय म्हणजे वर कुणीतरी ऐकणार, असं त्याने धरलं. त्यात त्याचं काय चुकलं? रचनेनेच त्याला तसं सांगितलं होतं.

जवळून पाहायला एक ड्रायव्हर घेऊ. एनएक्सपी कंपनीच्या आय.एमएक्स चिपा औद्योगिक बोर्डांवर भरपूर वापरल्या जातात. त्यांच्यातला आयटूसी कंट्रोलर दोन तारांवरून तापमानाच्या सेन्सरशी किंवा घड्याळाच्या चिपशी बोलतो. त्याच्या ड्रायव्हरचं रिमूव्ह आधी झोपलेल्या कंट्रोलरला जागं करायला जायचं. जागं करणं फसलं तर ड्रायव्हर चूक-क्रमांक परत करून तिथूनच बाहेर पडायचा. वर ऐकणारं कुणी नसल्याने कर्नेल काढण्याची प्रक्रिया तशीच पुढे रेटायचा. परिणामी आयटूसी अ‍ॅडाप्टरची नोंद कायम राही आणि इंटरप्ट आला की हाताळणारं फंक्शनही बोलावलं जाई. त्याच वेळी ड्रायव्हरची स्वतःची माहिती आणि चिपच्या रजिस्टरांकडे जाणारी वाट मात्र मोडलेली असे. नंतर कुणी त्या अ‍ॅडाप्टरला हात लावला की सोडून दिलेल्या मेमरीत पाय पडायचा. ही चूक जुलै २०२२ मध्ये दुरुस्त झाली. आता जागं करणं फसलं तरी ड्रायव्हर अ‍ॅडाप्टरची नोंद काढतोच. फक्त हार्डवेअरच्या रजिस्टरांना हात लावायचं टाळतो.

२००७ मधल्या २.६.२१ कर्नेलपासून आलेल्या एका सोयीने हा धोका आणखी तीव्र केला होता. तेजुन हेओ यांनी आणलेली ही ‘डेव्हरेस’ व्यवस्था ड्रायव्हरने घेतलेली मेमरी आणि इतर साधनं रिमूव्ह संपल्यावर आपोआप परत करते. सोय उत्तम आहे. तिच्यामुळे असंख्य ड्रायव्हर आटोपशीर झाले. पण रिमूव्ह अर्ध्यावर सोडणाऱ्या ड्रायव्हरच्या पायाखालची जमीनही ती तितक्याच तत्परतेने काढून घेते.

असा बिघाड पकडणं महाकठीण असतं. चूक एका क्षणी घडते आणि कोसळणं दुसऱ्याच क्षणी, दुसऱ्याच जागी होतं.     

रिमूव्हच्या या रचनेची साफसफाई ज्यांनी अंगावर घेतली ते उवे क्लाइने-कोनिग. उत्तर जर्मनीतल्या हिल्डेसहाइम शहरातल्या पेंगुट्रोनिक्स या एम्बेडेड लिनक्सच्या कंपनीत ते काम करत होते. मोटरचा वेग किंवा दिव्याचा उजेड ठरवणाऱ्या स्पंदांचा, म्हणजे पीडब्ल्यूएमचा, विभाग २०२४ पासून तेच सांभाळतात. त्यांनी अंगावर घेतलेल्या कामात नवं वैशिष्ट्य काही नव्हतं. वापरणाऱ्याला फरक दिसणार नव्हता. एका फंक्शनचा परतावा इंटवरून व्हॉइडवर न्यायचा, एवढंच. मात्र तो बदल कर्नेलच्या जवळजवळ प्रत्येक कोपऱ्यात करायचा होता.

ते एकदम वरच्या टोकाला गेले नाहीत. २०२१ च्या सुरुवातीला त्यांनी प्लॅटफॉर्म बसमध्ये एक इशारा घातला. रिमूव्हने शून्याखेरीज काही परत केलं तर हे उत्तर दुर्लक्षिलं जाईल अशी ओळ लॉगमध्ये उमटू लागली. वीस वर्षं जे मुकाट्याने चाललं होतं ते ५.१२ कर्नेलपासून निदान कागदावर आलं. त्याच सुमारास एआरएमच्या अँबा बससारख्या लहान बसचे ड्रायव्हर व्हॉइडवर गेले. अशा एकेक बस वळवून झाल्यावर जुलै २०२१ मध्ये मुळालाच हात घातला गेला. सर्व बसची सामायिक रचना जिथे आहे तिथलं रिमूव्ह व्हॉइड झालं. आयबीएमच्या मेनफ्रेमपासून आभासी यंत्रांच्या व्हर्टआयओपर्यंत अनेक बसच्या सांभाळकर्त्यांची संमती त्यासाठी गोळा करावी लागली. ऑक्टोबर २०२१ मधल्या ५.१५ कर्नेलमध्ये हा बदल आला. पुढे मे २०२२ मध्ये ५.१८ सोबत एसपीआय आणि डिसेंबर २०२२ मध्ये ६.१ सोबत आयटूसीच्या ड्रायव्हरांची पाळी आली.

आयटूसीवाल्यांकडे आणखी एक जुनं ओझं होतं. प्रोबला दिला जाणारा एक निरुपयोगी घटक काढण्यासाठी २०१६ मध्ये ली जोन्स यांनी ‘प्रोब_न्यू’ हे तात्पुरतं नाव आणलं होतं. तात्पुरतं म्हणता म्हणता ते सहा वर्षांहून जास्त राहिलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये क्लाइने-कोनिग यांनी उरलेले सगळे ड्रायव्हर वळवणारी ६०६ पॅचांची, म्हणजे कोडमधल्या छोट्या बदलांची, एक मालिका एकदम पाठवली. दुसऱ्याने सुरू करून सोडलेलं काम कुणी असं शेवटाला नेतं, याचं मोल मोठ्या सामायिक प्रकल्पात राहिलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

प्लॅटफॉर्मचं गणित याहून अवघड होतं. ड्रायव्हरांची संख्या हजाराच्या कितीतरी वर, आणि ते आवाज, चित्र, नेटवर्क, घड्याळं, जोडण्या अशा डझनावारी विभागांत पसरलेले. प्रत्येक विभागाचा सांभाळकर्ता वेगळा आणि कोडची झाडं वेगळी. सगळं एका पॅचमध्ये बदललं तर त्या सगळ्यांच्या कामाशी टक्कर होणार. म्हणून दोन टप्प्यांची वाट निवडली गेली. जुन्या रिमूव्हशेजारी व्हॉइड परत करणारं ‘रिमूव्ह_न्यू’ ठेवायचं, ड्रायव्हर एकेक करून तिकडे न्यायचे, सगळे गेले की खऱ्या रिमूव्हचं रूप बदलायचं आणि मग सर्वांना मूळ नावावर परत आणायचं. म्हणजे प्रत्येक ड्रायव्हरला दोनदा हात लागणार. एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६.३ कर्नेलपासून रिमूव्ह_न्यू उपलब्ध झालं.

त्याआधीच मार्चमध्ये पॅचांचा ओघ सुरू झाला होता. आवाजाच्या विभागाला १७३ पॅचांची एक मालिका गेली, मीडिया विभागाला ११७ पॅचांची. बहुतेक पॅच अगदी सरळ होते. शून्यच परत करणारा ड्रायव्हर व्हॉइड करायचा, एक ओळ जायची, एक शब्द बदलायचा. असे ठोकळेबाज बदल करायला फ्रान्सच्या इन्रिया संस्थेत ज्युलिया लॉल आणि सहकाऱ्यांनी घडवलेलं कोक्सिनेल हे अवजार कर्नेलवाल्यांच्या हाताशी असतं. पण जिथे ड्रायव्हर मध्येच परतत होता तिथे यंत्राचं काम नव्हतं. ती जागा माणसाने वाचायची, इथे नेमकं काय उघडं राहतंय ते शोधायचं आणि अपयश आलं तरी उरलेलं आवरून कसं जायचं ते ठरवायचं. साफसफाईचं खरं फळ याच जागांवर मिळालं.

या कामावर आक्षेपही होते आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. चालू कोडला वारंवार हात लागला की जुन्या स्थिर आवृत्त्यांकडे दुरुस्त्या नेताना ओळी जुळत नाहीत. सांभाळकर्त्यांचा वेळ जातो. दोनदा स्पर्श करण्याची रीत तर हा त्रास दुप्पट करते. मला हे मान्य आहे, तरी पारडं साफसफाईकडेच झुकतं. रचना खोटं बोलत राहिली असती तर नव्या ड्रायव्हरांमधून तीच चूक उगवत राहिली असती आणि प्रत्येक वेळी कुणाला तरी ती नव्याने शोधावी लागली असती.

मे २०२४ मध्ये शेवटचा मोठा पॅच तयार झाला आणि सप्टेंबरच्या १५ तारखेला तोरवाल्ड्स यांनी व्हिएन्नाहून ६.११ कर्नेल प्रसिद्ध केला तेव्हा प्लॅटफॉर्मच्या रिमूव्हचा परतावा अधिकृतपणे व्हॉइड झालेला होता. आता रिमूव्ह_न्यू आणि रिमूव्ह ही एकाच वस्तूची दोन नावं उरली होती. त्याच वर्षी क्लाइने-कोनिग बेलिब्रे कंपनीत गेले. कंपनी बदलली, काम तेच चालू राहिलं. तात्पुरत्या नावावरून मूळ नावावर परतायचे पॅच विभागवार येऊ लागले.

ते पूर्ण व्हायला आणखी काही महिने गेले असते, पण १ डिसेंबर २०२४ च्या रविवारी तोरवाल्ड्स यांनी स्वतः ते संपवलं. नव्या आवृत्तीत भर घालायची मुदत त्या दिवशी संपत होती आणि ६.१३ ची पहिली चाचणी-आवृत्ती निघणार होती. लहान लहान पॅचांचा अखंड ओघ आता खटकतो आहे, असं स्पष्ट लिहून त्यांनी उरलेल्या सर्व ड्रायव्हरांतलं रिमूव्ह_न्यू एका स्क्रिप्टने रिमूव्ह केलं आणि ते तात्पुरतं नावच पुसून टाकलं. वेळ नेमकी साधली होती. सगळ्यांचं काम आत येऊन पडलं होतं, त्यामुळे कुणाच्या हातातल्या पॅचांशी टक्कर कमीत कमी होणार होती. १९ जानेवारी २०२५ रोजी ६.१३ बाहेर पडला तेव्हा त्यात एकच रिमूव्ह उरलं होतं.

याचे परिणाम दोन बाजूंनी मोजावे लागतात. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला आता खोटं आश्वासन मिळत नाही. इंट परत करणारं रिमूव्ह कुणी लिहिलंच तर कंपायलर तिथेच अडवतो. जी चूक पूर्वी कारखान्यात, भर कामात, कोसळल्यावर कळली असती ती आता लिहिणाऱ्याच्या टेबलावरच पकडली जाते. उपकरण जाण्याचे सगळे प्रश्न मात्र यामुळे सुटलेले नाहीत. एखादा प्रोग्रॅम उपकरणाची फाइल उघडी धरून बसलेला असताना उपकरण गेलं तर काय, हा गुंता अनेक विभागांत कायम आहे. कर्नेल डेव्हलपर लॉरां पिंशार यांनी २०२२ मध्ये डब्लिनच्या लिनक्स प्लंबर्स परिषदेत, डेव्हरेसच्या मेमरीने हा गुंता कसा वाढवला, यावरच भाषण दिलं होतं. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ६.१४ कर्नेलमध्ये रस्ट भाषेतल्या ड्रायव्हरांसाठी वेगळी वाट आली आहे. उपकरण गेलं की त्याच्या रजिस्टरांकडे जाणारा रस्ता ती आपोआप बंद करते.

दुसरी बाजू आपल्याकडच्या लहान उद्योगांची. कर्नेलच्या मुख्य झाडात असलेल्या ड्रायव्हरांची दुरुस्ती या मोहिमेने केली. चिप विकणाऱ्याने वेगळ्या झिप फाइलीत दिलेला किंवा एखाद्या कंत्राटी इंजिनिअरने लिहून पॅनलमध्ये बसवलेला ड्रायव्हर तिच्या नजरेत येणं शक्यच नव्हतं. असा इंटवाला प्लॅटफॉर्म ड्रायव्हर ६.११ किंवा त्यापुढच्या कर्नेलवर कंपाइल होणार नाही. तेव्हा घाईघाईने इंटच्या जागी व्हॉइड लिहून आणि ‘रिटर्न’पुढचा आकडा खोडून मोकळं होण्याचा मोह होईल. त्याने कंपायलर गप्प बसेल, पण अर्ध्यावर बाहेर पडणारी वाट तशीच राहील. तुमच्या कारखान्यात किंवा कंपनीत असा ड्रायव्हर असेल तर बदल करण्याआधी त्याचं रिमूव्ह एकदा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा. मध्येच परतणारी प्रत्येक ओळ शोधा आणि तिच्यानंतरचं आवरण्याचं काम दरवेळी होईल असं करून घ्या.